जाताना वाघ, येताना मांजर

संध्याकाळी घाटाच्या सावल्या आमच्या अंगणापर्यंत लांबल्या की एक मोटारसायकल आवाज न करता येऊन उभी राहायची – लाल टाकीची, खाली वाकलेल्या हँडलची, अंगभर भाताच्या कोंड्याची पिवळसर पूड माखलेली... आणि तिच्यावरून बाबा उतरायचे, तेही आवाज न करता. मी धावत जाऊन आधी सायलेन्सरला हात लावायची. एवढा घाट उतरून आलेली गाडी, पण चटका म्हणून बसायचा नाही. लहानपणी मला त्याचं भारी नवल वाटे, आणि बाबा माझं नवल तसंच ठेवून पाय धुवायला मागच्या दारी जात.

सकाळची गोष्ट मात्र निराळी. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता जिथं आंबेनळी घाट चढू लागतो, तिथं पायथ्याला आमची वाडी. आणि बाबांची नोकरी वरच्या एका गावात, भाताच्या गिरणीवर. सकाळी ते किक मारत तेव्हा अंगणातल्या कोंबड्या जिवाच्या आकांतानं पळत सुटत, जळलेल्या तेलाचा निळा धूर तुळशीवरून, गोठ्यावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून पसरत जाई, आणि मग एकेका वळणावरून त्या टू-स्ट्रोक इंजिनाचा तापट, चिरका आवाज खाली येत राही – पहिलं वळण, दुसरं, मग डोंगराआड गेल्यावर पुसट, आणि पुन्हा वरच्या अंगाला एकदम स्पष्ट... आई दारात उभी राहून तो आवाज पार विरेपर्यंत ऐकत असे. त्या धुराचा वास माझ्या शाळेच्या गणवेशाला दिवसभर येई आणि मला तो आवडे, हे मी कुणाला सांगत नसे.

ती गाडी मुळात आमच्या ऐपतीची नव्हेच. महाडच्या एका व्यापाऱ्याच्या मुलानं हौसेनं घेतलेली रेसची गाडी. तो मुंबईला गेला आणि ती बाबांच्या गळ्यात पडली, कारण एवढं पेट्रोल पिणारी आणि एवढी बोंबलणारी गाडी दुसरं कुणी घेईना. पोटावर वाकून चालवायची, आणि चालवणारा कोण, तर धोतर नुकतंच सोडून पँटीत आलेला गिरणीवाला! वाडीनं टिंगल केली नसती तरच नवल. पण खरी टिंगल पुढेच होती. आमच्याकडे उतार लागला की चावी बंद करून गाडी सोडून द्यायची, ही जवळजवळ रीतच. बाबा तर घाटमाथ्यालाच चावी फिरवत. बंद इंजिनाबरोबर दिवाही विझे, म्हणून हँडलला सायकलच्या ट्यूबनं हातबॅटरी बांधलेली असे. शेजारचे तात्या ओट्यावरून ओरडायचे, "जाताना वाघ नि येताना मांजर! वाचवा, पेट्रोल वाचवा!" बाबा नुसते हसत. बाबा चिकट आहेत हे मीही वाडीबरोबर मानून टाकलं होतं.

थंडीच्या दिवसांत कधीतरी रविवारी ते मला टाकीवर बसवून महाडच्या पुढे सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर नेत. पहाटेचं दव, गुडघ्यांना लागणारी टाकीची ऊब, रस्त्याकडेच्या शेतांतून येणारा ओल्या पेंढ्याचा वास – आणि मग त्या कुंडाची गंधकाच्या दर्पाची वाफ. बाकीचे लोक पाठ शेकत, पाय शेकत, जगाच्या गप्पा मारत. बाबा मात्र उताणे होऊन दोन्ही कान पाण्यात बुडवत आणि डोळे मिटून पडून राहत. मी हाका मारल्या तरी त्यांना ऐकू येत नसत. मला राग येई. एवढ्या लांब आणायचं आणि मग बोलायचंही नाही, ही काय तऱ्हा, असं मला वाटे.

पुढे गिरणीच्या कोंड्यानं त्यांची छाती धरली आणि एका पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. गाडी गोठ्यात गेली. आधी तिच्यावर गोणपाट टाकलं होतं, मग गोणपाटावर पेंढा आला, मग कोंबडीनं सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. मी शिकले, महाडला एका कचेरीत कारकून झाले, आणि रोज एसटीनं जा-ये करता करता संध्याकाळी गाडीवरून उतरताना बाबांच्या चेहऱ्यावर असे तो दमलेला भाव माझ्याही चेहऱ्यावर कधी येऊन बसला, कळलं नाही. दिवसभर लोक खिडकीपाशी ओरडतात, फोन ओरडतात, साहेब ओरडतात. घरी येऊन मी भिंतीला टेकून बसते आणि आई विचारते त्याची उत्तरं मानेनं देते. आई आता फारशी बाहेरही पडत नाही. संध्याकाळ झाली की चुलीवर पाण्याचं भांडं मात्र चढवते, कुणी येवो न येवो.

ती गाडी पुन्हा चालू करायची, हे माझ्या मनानं का घेतलं ते मी सगळ्यांना निरनिराळं सांगितलं. खरं एवढंच होतं की तो आवाज ऐकून आईनं पूर्वीसारखं दारात यावं, असं मला फार वाटत होतं.

मग माझे सगळे रविवार पडवीत गेले. गोणपाट अंथरायचं, रॉकेलच्या डब्यात एकेक भाग बुडवून ठेवायचा, गंजलेल्या नटांशी हुज्जत घालायची... कार्बोरेटरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीतून मूठभर कोंडा निघाला; इतक्या वर्षांनी त्याला अजून तोच गोडसर, उबट वास होता, आणि मी तो नाकाशी धरून बराच वेळ नुसती बसून राहिले. आई तिथंच सुपात तांदूळ निवडायची, चहा आणून ठेवायची, पण गाडीकडे बघायची नाही.

इंजिन उघडल्यावर सिलिंडर कापडी पिशवीत घालून मी महाडला सलीमभाईंच्या गॅरेजात नेला. भाई बडबडे, त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि हसायलाच लागले. आतल्या भिंतीवर उभ्या खोल रेघा होत्या, मांजरानं ओरबाडल्यासारख्या.

"ताई, तुमचे बाबा गाडी बंद करून घाट उतरायचे ना? ह्या गाडीला तेल पेट्रोलातनंच मिळतं. वळणावर ब्रेक पुरत नाही म्हणून गिअरात टाकली, की इंजिन फिरणार, पण कोरडं. पेट्रोल वाचवलं नि इंजिन खाल्लं!" त्यांनी सिलिंडर बोअर करून आतून गुळगुळीत केला, नवा पिस्टन दिला आणि बजावलं, "आता ही नवरी हाय. उतारावर चावी बंद नाय करायची."

अखेर एका रविवारी सकाळी ती चालू झाली. किती किका मारल्या विचारू नका. आधी खोकली, मग निळा धूर सुटला, आणि मग तो आवाज – तोच, अंगणभर, डोंगरावर आपटून परत येणारा! कोंबड्या पळाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दाराकडे पाहिलं. आई उंबऱ्यापर्यंत आली होती. तिनं एकदा बघितलं, आत वळली आणि दार लावून घेतलं.

मी गाडी बंद केली. आत गेले तर ती चुलीपुढे पाठमोरी बसलेली.

"आवडलं नाय का गं आई? बाबांचा आवाज आहे तो."

"त्यांचाच हाय," ती म्हणाली. "पण हा जायचा आवाज गो. यायचा नाय."

मी तिच्याशेजारी बसले. मग तीच सावकाश बोलू लागली, विस्तवाकडे बघत.

"गिरणीत दिवसभर कान फाटायचे त्यांचे. म्हणायचे, घाट उतरतो तेवढाच काय तो माझा येळ. पाखरू बोललं तरी ऐकू येतं. लोक चिकट म्हणायचे, हे हसायचे. पेट्रोल-बिट्रोल काय नाय गो... आणि मला कळायचं ना ते आलेले! वरच्या शेवटच्या वळणाला गिअर पडायचा नि गाडी धापा टाकायची, फस् फस्, दमलेल्या बैलासारखी. तेवढं ऐकलं की मी चुलीवरचं पाणी काढायची."

सवच्या कुंडात कान बुडवून पडलेले बाबा मला तेव्हा दिसले, आणि हाका मारून त्यांना त्रास देणारी मीही दिसले.

त्याच संध्याकाळी, ऊन कलताना, मी गाडी काढली. आईला काही सांगितलं नाही. घाट चढताना इंजिन पायांत, छातीत, दातांत घुमत होतं. माथ्यावर गाडी वळवली, क्षणभर थांबले आणि चावी फिरवली.

काय सांगू त्या शांततेबद्दल... आधी कानांत नुसती कचेरीच घुमत राहिली. मग ती हळूहळू ओसरली आणि चेनीची बारीक टिकटिक, टायरखालचे खडे, दरीतल्या झऱ्याचं पाणी, कुठंतरी उशिरा घरट्याकडे परतणारा पक्षी, असं एकेक ऐकू येऊ लागलं. कुणी मला काही विचारत नव्हतं. अंगातला थकवा तसाच होता, पण तो आता माझा मला होता. बाबांना रोज एवढंच मिळत होतं आणि त्यावर ते हसून दिवस काढत होते, हे कळून मला रडूच आलं.

शेवटचं वळण आलं. खाली आमचं कौल दिसत होतं, कौलातून निघणारा धूर दिसत होता. ब्रेक नवे होते, घट्ट होते. नुसत्या ब्रेकवर गाडी सहज उतरली असती. सलीमभाईंचं बोलणं मला आठवत होतं. नव्या सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीवर पहिली रेघ उमटणार हेही मला कळत होतं. मी क्लच दाबला, गिअर टाकला आणि क्लच सोडला.

फस्... फस्... फस्...

गाडी अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा आई पायरीवर होती. हातात तांब्या होता, त्यातून वाफ निघत होती.

"हातपाय धू," ती म्हणाली. "पाणी काढलंय."

मी उतरले. सायलेन्सरला हात लावून पाहिला. चटका बसला नाही.