खुर्चीत बसलेला माणूस

परतूरला शाळेत लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि बहुतेक पुढाऱ्यांचा निकाल माझ्यापुरता लावून मोकळा झालो होतो. पेपर हातात आला की मी आधी फोटो बघायचो. कोण कोणाच्या शेजारी उभा आहे, कोणाला कोणी हार घातला, कोण कोणाच्या पोरीच्या लग्नात मिरवला. भाषण वाचायची मला गरज वाटत नसे. इतिहासातल्या माणसांचंही तेच. कोणाच्या दरबारात ऊठबस होती एवढं कळलं की मी नावावर फुली मारायचो.

खोलीसाठी मात्र महिनाभर वणवण केली. घरमालक आधी गाव विचारायचे, मी जाफराबादकडचा म्हणून सांगायचो. मग आडनाव विचारायचे. ते सांगितलं की खोली आदल्याच दिवशी कोणाला तरी दिलेली निघायची. आमच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म स्वीकारला होता, पण आडनाव तेच राहिलं होतं. शेवटी स्टेशनाजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खोली दिली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, उजवा पाय ओढत चालायचे. त्यांनी एकच विचारलं, "चहा दोनदा पितो का तीनदा?"

मी त्यांना काका म्हणायला लागलो. त्यांच्याशिवाय गावात माझं कोणी नव्हतं. शाळेत मधल्या सुट्टीत मास्तर मंडळी एका टेबलाभोवती डबे उघडायची आणि मी खिडकीशी बसून जेवायचो. कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण कोणी बोलावलंही नव्हतं. संध्याकाळ मात्र काकांची. ते ओट्यावर उर्दू पेपर वाचत बसलेले असायचे, कारण त्यांची सगळी शाळा उर्दूत झाली होती. मी माझा मराठी पेपर घेऊन शेजारी टेकायचो आणि एकेका पुढाऱ्याला फासावर चढवायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय मास्तर. पण तू त्याला कधी भेटला का?" मला हसू यायचं. भेटायला कशाला हवं?

निजामी अमल जाऊन पंचवीस वर्षं होत होती. तालुक्यातून त्या लढ्यात जे उतरले त्यांच्या नावांची पाटी शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावायचं ठरलं. यादी करायचं काम इतिहासाचा मास्तर म्हणून माझ्याकडे आलं. गावाला माझी गरज पडली ही पहिलीच वेळ होती, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. एसटीनं गावोगाव हिंडलो, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. तीन वेगवेगळ्या गावांत तिघांनी काकांचं नाव घेतलं. ते तहसील कचेरीत कारकून असताना तिथले कागद गुपचूप लढ्यातल्या लोकांना पोचवायचे म्हणे. मी नाव यादीत घातलं आणि त्यांना सांगितलं नाही. एकदम पाटीवरच दाखवू म्हटलं.

मग पाटीच्या समितीतले एक वजनदार व्यापारी फोटो घेऊन शाळेत आले. जुना, कडा पिवळ्या पडलेला. मधोमध अमीन, म्हणजे त्या अमलातला फौजदार, खुर्चीत बसलेला. मागे दोन रांगा उभ्या. आणि अमिनाच्या उजव्या हाताला दुसऱ्या खुर्चीत काका. तरुण होते, पण ओळखू येत होते.

"खुर्चीत कोण बसतो, तुमीच सांगा मास्तर," व्यापारी म्हणाले. "बाकीचे उभे हायत."

सांगायला कशाला हवं. खुर्च्या साहेबांना आणि साहेबांच्या माणसांना, हे आमच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक होतं. मी तिथंच नाव खोडलं. माझ्या खोलीपासून काकांचा ओटा पंधरा पावलांवर होता. मी विचारायला गेलो नाही. उलट ओट्यावर बसणंच सोडलं. समितीत कोणी म्हणायला नको की मास्तर त्याच माणसाकडे राहतो. संध्याकाळी स्टेशनावर जाऊन बसायचो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचो, त्यांत ओळखीचं कोणी नसायचं. काका एकदा म्हणाले, "लई काम पडलं का मास्तर?" मी हो म्हटलं.

पाटी लागली त्या दिवशी काका धुतलेलं धोतर नेसून आले होते. भाषणं झाल्यावर गर्दी पेढ्यांकडे वळली आणि ते पाटीपुढे जाऊन उभे राहिले. मराठी त्यांना हळू वाचता यायचं. वरून खालपर्यंत एकेक नाव वाचत गेले, शेवटचं वाचून झाल्यावर पुन्हा वर गेले. मी दहा हातांवर पेढा धरून उभा होतो. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की आता ते माझ्याकडे बघतील. ते न बघताच गेले.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर जाऊन फोटोचं विचारलं. ते चिडले नाहीत.

"अमिनाची बदली झाल्ती, त्या येळचा फोटो हाय," ते म्हणाले. "त्याच्या आधी त्या कागदांपायी दुसऱ्या ठाण्यात मला आठ दिवस बडवलं. ह्यानं सोडवून आणलं, घरी पोचवायला बैलगाडी दिली. फोटोच्या दिवशी मला उभं ऱ्हाता येत नव्हतं. त्यानं शिपायाला सांगून खुर्ची मागवली."

तो पाय मी रोज बघत होतो. कसा मोडला हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मग हे कोणाला सांगितलं का नाही काका?"

"सांगायचं म्हणलं की आधी अमीन चांगला व्हता म्हणावं लागतं. मंग लोक म्हणतात, बघा, अजून त्याचंच गातो. आन् त्याला वाईट म्हणून सुटायचं, ते मला जमलं न्हाई." मग ते म्हणाले, "तुला खोली देऊन राह्यलो तवा दोघं जण तुझी जात सांगायला आल्ते. मी म्हणलं, मास्तरला येऊ द्या, बघू. मला वाटलं, तू तरी विचारशील."

मी त्याच पावली मुख्याध्यापकांकडे गेलो. तिथं ते व्यापारीही बसले होते. मी सगळं सांगितलं, त्या तिघांची साक्ष सांगितली, पाटीवर अजून एका नावाला जागा आहे म्हणालो. मुख्याध्यापकांनी व्यापाऱ्यांकडे बघितलं.

"गावात कुणी तुमाला खोली देत नव्हतं," व्यापारी शांतपणे म्हणाले. "त्यानं दिली. तुमी त्याच्याच बाजूनं बोलणार ना."

मी उठून बाहेर पडलो. हाच न्याय मी वर्षभर पेपर हातात धरून ओट्यावर बसून करत आलो होतो, आणि तो इतका बिनतोड असतो हे मला समोरून कधी दिसलं नव्हतं.

परत आलो तर काका पेपर वाचत होते. "काय म्हणले?" त्यांनी विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. मी शेजारी बसलो, पूर्वी बसायचो तिथंच. रस्त्यानं जाणारे आम्हाला बघत होते, एकमेकांना खुणावत होते, ह्या दोघांचं चांगलं जमतं असंच त्यांना वाटत असणार. काकांनी पेपर संपवला, घडी घातली, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता आत गेले.