हाळी परत आली

अंकुश कुमरे आता पॅड वाजवत नाही. वडशाच्या नाटक कंपन्यांचे फोन दिवाळीआधी अजून येतात, तो उचलतो, बरं आहे ना विचारतो आणि हातातल्या कामाचं निमित्त सांगून ठेवतो. एकेकाळी याच माणसासाठी दोन कंपन्यांचे मालक एका टपरीवर हमरीतुमरीवर आले होते. झाडीपट्टीतल्या नाटकात ऑर्गनवाल्याला मान असतो, तबलजीला असतो, पण प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकवतो तो पॅडवाला. दार करकरलं पाहिजे, वीज कडाडली पाहिजे, खलनायकाच्या थोबाडीत बसलेली चपराक शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेली पाहिजे. अंकुश हे सगळं त्या विजेच्या पॅडवर दोन काड्यांनी करायचा.

त्याची आणखी एक ख्याती होती. नट संवाद विसरला की रंगमंच क्षणभर मुका होतो. ती मुकी जागा प्रेक्षकाला कळायच्या आत अंकुश भरून काढायचा. कधी घुबड, कधी वारा, कधी लांबून येणारं कुत्र्याचं भुंकणं. तेवढ्यात नटाला वाक्य आठवायचं. "अंकुश आहे तोवर नाटक पडत नाई," असं नट म्हणायचे, आणि ते ऐकून त्याची छाती फुगायची. फुगू द्यायला नको होती, पण माणसाला स्तुती पचवायला कोण शिकवतं?

कान त्याला बापाकडून मिळाला होता. बाप, मुखरू, सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात पाखरं राखायला होता. बियाण्याच्या धानावर पाखरांचे थवे उतरत, आणि मुखरू दिवसभर बांधावरून फिरत ओरडे, टिनाचा डबा बडवी. एका वर्षी साहेबांनी आपोआप वाजणारा भोंगा आणून बसवला. तीन दिवस पाखरं फिरकली नाहीत. चौथ्या दिवशी भोंग्यावरच बसून दाणे टिपायला लागली. मुखरू घरी येऊन पोट धरून हसला होता. "ज्या आवाजामागं मानूस नाई, त्याले पाखरू चार दिवसांत वळखते," म्हणाला होता. मुखरू गेला त्याला आता बारा वर्षं झाली. पोराला बापाचं हसणं आठवत राहिलं, वाक्य मात्र तो विसरला.

घरी माय होती, सोमारी. कोसमटोला हे त्यांचं गाव सिंदेवाही तालुक्यात, तीन बाजूंनी जंगल आणि एका बाजूला बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. फागुन-चैतात गावातल्या नऊ बाया पहाटेच मोहफुलं वेचायला जात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली, वाडवडिलांपासूनची, त्यामुळे बाया एकमेकींना दिसत नसत. आणि मोह वेचायचा म्हणजे वाकायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे त्या भागात शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक आहे.

म्हणून कोसमटोल्यात हाळी फिरवायची रीत होती. रंभाबाईचं झाड गावाजवळ, ती पहिली हाळी देई. मग दुसरी, तिसरी, अशी हाळी झाडाझाडानं आत जाई. सोमारीची झाडं सगळ्यात शेवटी, नाल्याच्या काठावर. तिची नववी हाळी आली की फेरा पुरा झाला, सगळ्या पुन्हा वाकायला मोकळ्या. थोड्या वेळानं परत फेरा. एखादीची हाळी वीस मोजेपर्यंत आली नाही, की टोपल्या तिथंच टाकून, डबे बडवत, एकसाथ आरडत सगळ्यांनी तिच्या झाडाकडे धावायचं. याच रीतीनं चंचल वाचली होती, चैतूची सून. तिला विंचू चावला होता, वाघ नव्हता. पण तिची हाळी आली नाही आणि बाया पोचल्या. दुसरीची हाळी कोणी थट्टेतही काढायची नाही, हा त्या रीतीतलाच नियम. पोरांनी काढली तर थोबाडीत बसे.

त्या वर्षी नाल्याच्या अंगाला एक वाघीण आली होती. दोन बछडी होती म्हणत. वनखात्याचे लोक येऊन सांगून गेले, एकट्यानं जाऊ नका. मोह झाडाखाली पडत होता, आणि पडलेला मोह कोणासाठी थांबत नाही. बाया जातच राहिल्या.

आता दिव्यानी मॅडमचं. ही पोरगी पुण्याची, झाडीपट्टीच्या नाटकांवर संशोधन करायला आलेली. तिनं अंकुशला वाजवताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. संगणकावर संगीत करणारे, ऐकणाऱ्याला उत्तर देणारे आवाज घडवणारे, अशा कलावंतांना आणि संशोधकांना एक मोठी संस्था शिष्यवृत्ती देणार होती. "अंकुशभाऊ, हे तुम्ही आयुष्यभर करताय. फक्त काड्यांनी करताय," ती म्हणाली. अर्ज तिनंच भरून दिला. निवड झाली तेव्हा गावात कोणाला नीटसं कळलं नाही काय झालं ते, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

तीन महिने तो त्या संस्थेच्या शहरात राहिला. दहावी झालेला माणूस, पण आवाज म्हटला की त्याला काही अवघड जाईना. माइक ऐकतो, संगणक ठरवतो, स्पीकर बोलतो. तिथल्या शिक्षकांनी विचारलं, यंत्रानं कधी बोलावं? बाकीचे विचारात पडले. अंकुशनं पटकन सांगितलं, "जागा रिकामी पडली का बोलावं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटचं काम ज्यानं त्यानं आपल्या गावात करायचं होतं. परीक्षकांना आवडलं तर पुढची दोन वर्षं परदेशात. अंकुशनं हाळी निवडली. नाल्यापर्यंतच्या झाडांवर सहा डबे, प्रत्येकात माइक, स्पीकर आणि तळहाताएवढा संगणक. पाहुण्यानं जंगलाच्या तोंडाशी उभं राहून हाळी द्यायची, जंगल नऊ बायांच्या आवाजात फेरा पुरा करणार.

आठ बायांनी हसत हसत आवाज दिले. सोमारी बसून राहिली.

"माये, एकच डाव दे."

"आवाज असा झाडाले टांगून ठेवाचा नसते, बाबू. मानूस एकीकडं अन् त्याची हाळी दुसरीकडं, हे बरं नाई."

"परीक्षेचं काम हाय माये. तुझ्याबिगर फेरा पुरा होत नाई."

पोराच्या परीक्षेपुढे कोणत्या मायचं काय चालतं? तिनं हाळी दिली. तिची हाळी शेवटाला खाली उतरायची, पायरीवरून उतरल्यासारखी. देऊन झाल्यावर तिनं विचारलं, "झालं का?" अंकुशनं ते शब्द कापून टाकले. कापताना 'झ'चा एक चुटका मागे राहिला, श्वासाएवढा. काढायचा राहून गेला.

दुपारी पाहुणे आले, बाया तेव्हा घरी होत्या. एका परीक्षकानं घाबरत घाबरत हाळी दिली आणि जंगलानं उत्तर दिलं, एक, दोन, तीन, थेट नाल्यापर्यंत. दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आलं. डबे आठवडाभर तसेच राहू द्या, असं ठरलं. ते दहा वाजता चालू होत आणि पाचला बंद. मोह वेचायच्या वेळी मुके. अंकुशनं ते आपल्या हातानं लावलं होतं, आणि रोज तपासत होता.

पाचव्या दिवशी बॅटरी बदलायला तो सहाव्या डब्याकडे गेला. झाडाच्या बुंध्याशी ओल्या मातीत पंजे उमटले होते, मोठे आणि लहान. तिथं नुसती ये-जा नव्हती. गवत बसून दबलेलं होतं. वाघीण बोलणाऱ्या डब्याखाली पिल्लं घेऊन निवांत बसली होती. अंकुशनं घाईनं बॅटरी बदलली. बापाचं काहीतरी त्याच्या मनाच्या काठापर्यंत आलं आणि परत गेलं.

त्या संध्याकाळी त्यानं मायला सांगितलं, नाल्यावर जाऊ नको. ती म्हणाली, "हाळी हाय ना. फेरा फिरते तवर भेव नाई."

तेवढ्यात दिव्यानीचा फोन आला. परदेशातल्या परीक्षकांना पहाटेचा खरा फेरा थेट ऐकायचा होता. बाया आणि डबे, दोन्ही. उद्याच. डबे दहाऐवजी पहाटेपासून चालू ठेवायचे. अंकुशनं मायला विचारलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"बाकीच्यायचं माहीत नाई. मी रानात हाय तवर माझा आवाज त्या डब्यात नको."

"काढतो," अंकुश म्हणाला.

आणि काढला नाही. बसून विचार केला, नववा आवाज काढला तर फेऱ्याला शेवट राहत नाही, आणि काम लंगडं पडतं. शिवाय डबा बोलणार कधी? एखादीची हाळी दहा मोजेपर्यंत आली नाही तरच. माय तर स्वतःच हाळी देणार, मग तिच्या जागी डबा कशाला बोलेल? हिशेब चोख होता. रीत वीस मोजायची होती आणि त्यानं डब्याला दहा शिकवलं होतं, एवढं एकच त्याच्या ध्यानात आलं नाही.

पहाटे तो बोडीच्या पाळीवर लॅपटॉप घेऊन बसला. गावात रेंज फक्त तिथंच मिळायची. कानावर हेडफोन, समोर पडद्यावर सहा डब्यांचे सहा दिवे. रंभाबाईची हाळी आली. दुसरी, तिसरी. नाल्यावरून मायची आली, खाली उतरणारी, मागे पानांचा खसफस आवाज. डबे गप्प. दुसरा फेरा तसाच. दिव्यानीचा मेसेज आला, सगळे थक्क होऊन ऐकतायत.

तिसऱ्या फेऱ्यात आठवी हाळी झाली आणि जागा पडली. अंकुशनं नकळत बोटं मांडीवर आपटली, पॅडवाल्याच्या सवयीनं. तेवढ्यात नाल्यावरून हाळी आली. त्यानं श्वास सोडला. बाया पुन्हा वाकल्या असतील.

पण कानात काहीतरी राहिलं. हाळीच्या शेपटाला श्वासाएवढा 'झ'.

भास असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. पडद्यावर सहावा दिवा लागून विझला होता की काय, त्यानं नीट पाहिलं नव्हतं. उठावं का? दिव्यानीचा मेसेज समोर होता, "भाऊ, हलू नका, तुमची चाहूल लॅपटॉपच्या माइकमध्ये येतेय. सगळे ऐकतायत." तो हलला नाही. एक फेरा, एवढाच. पुढच्या फेऱ्यात मायची हाळी ऐकू, खात्री करू. असा विचार करून तो एक पूर्ण फेरा तिथं बसून राहिला. त्या फेऱ्याचा हिशेब तो अजून रोज करतो आणि तो जुळत नाही.

एक, दोन, तीन, चार. बाया आळसावल्यासारख्या निवांत हाळ्या देत होत्या. सात. आठ. मग काही नाही. अंकुश मोजत होता. दहाला सहावा दिवा हिरवा झाला आणि माय बोलली, खाली उतरत, आणि शेवटाला तोच 'झ'.

तो हेडफोन कानावरच ठेवून धावला, वायर तुटून मागे लोंबत राहिली. पाळ, बांध, मग जंगल. वाटेत रंभाबाई दिसली, टोपली अर्धी भरलेली. "का झालं गा अंकुश?" तिनं विचारलं. त्याला धाप लागली होती, त्यानं नुसता नाल्याकडे हात केला. तिला वाटलं डब्याचं काही बिघडलं असेल. दुसरं काय वाटणार? सोमारीची हाळी आत्ताच तर आली होती.

नाल्यावरच्या मोहाखाली जमीन स्वच्छ झाडलेली होती. पिवळी फुलं एका बाजूला वेचलेली आणि एका बाजूला तशीच. टोपली कलंडली होती. तिच्या लुगड्याचा हिरवा काठ काट्याला अडकला होता, आणि तिथून पालापाचोळ्यात एक रुंद पट्टा नाल्यात उतरत गेला होता.

"माऽऽय!"

जीव खाऊन ओरडला तो. आवाज नाल्यापलीकडे गेला, थांबला. काहीच हललं नाही. वीस मोजायची ताकद त्याच्यात नव्हती, पण डबा मोजत होता.

दहाला, त्याच्या डोक्यावरच्या फांदीवरून, त्याच्या मायनं उत्तर दिलं. स्पष्ट, ठणठणीत, खाली उतरत. झ.

आणि लांब, गावाकडच्या झाडाखाली, रंभाबाईनं ती हाळी ऐकली, कंबर सरळ केली आणि निर्धास्तपणे पुढच्या फेऱ्याची पहिली हाळी दिली.