चौदा झडपा

जामबागेतल्या आमच्या जुन्या मराठी वाचनालयाला अकरा खिडक्या होत्या. प्रत्येकीला सागवानी झडपांची जोडी, म्हणजे झडपा बावीस. त्यांतल्या चौदा मी बिघडवल्या. आकडा नक्की आहे.

विश्वस्तांना त्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या होत्या. नल्लकुंट्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने ते थोपवलं. बाईंचं वय पंचाहत्तर. वडिलांचं बोट धरून त्या याच खोलीत येत आणि इथेच वाचायला शिकल्या. "आता वाचणारे उरले नाहीत, निदान खिडक्या तरी राहू द्या," असं त्या म्हणाल्या. विश्वस्तांनी झडपा नीट करायला तीन महिने दिले. आम्ही सात जण दर रविवारी जमून झडपांचा रंग खरवडू लागलो. शिकवायला एक म्हातारे मिस्त्री होते.

मिस्त्री पुतणीच्या लग्नाला बीदरला गेले आणि काम माझ्या हाती आलं. रंग निघालेली एक झडप मी टेबलावर घेतली, दोन्ही कर्ण मोजले. नऊ मिलिमीटरचा फरक. दुसरीत सात, तिसरीत अकरा. एकही काटकोनात नव्हती. लाकूड वयाने वाकलं असा निष्कर्ष मी काढला आणि रंधा आणवला.

"मिस्त्रींना एक फोन करू या का?" बाई म्हणाल्या.

"बाई, हे गणित आहे. त्यात विचारायचं काय?"

"माझ्या वर्गात असता तर कान धरला असता तुमचा," त्या हसून म्हणाल्या आणि झडपेचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या.

दोन रविवारांत चौदा झडपा काटकोनात आल्या. मला फार समाधान वाटलं, हेही लिहायला हवं.

शनिवारी पहिली जोडी चौकटीत टांगली. खाली नीट मिटली, वर बोट जाईल एवढी फट. दुसरीला खाली फट. चौकटी मी मोजल्याच नव्हत्या.

त्याच दिवशी मिस्त्री परतले. झडपेच्या कडेवरून हात फिरवून ते खालीच बसले. "साब, दीवार बैठी तो चौकट टेढी हो गई. हमारे बडे लोगां पल्ले को भी वैसाइच टेढा काटे. आप सीधा कर दिए."

कडेला पट्टी जोडून फट भरता येईल का, असं मी विचारलं.

"भरने को आता है. एकेक को दो दिन."

"कल तक?"

"साब, मेरे दोइच हाथ हैं."

तीन महिने संपत आले होते, विश्वस्तांची बैठक दुसऱ्याच दिवशी होती. मी सिकंदराबादपर्यंतच्या सहा सुतारांना फोन केले. एक जण म्हणाला, गुरुवारी येऊन बघतो. मग मी स्वतःच पट्टी ठोकायला घेतली, झडप चिरली. तरी दुसरी उचलली. बाईंनी माझ्या हातातून हातोडी काढून घेतली.

"उद्या मी बोलते. लाकूड फुगलंय, महिनाभर सुकू द्या, म्हणून सांगते. तुम्ही गप्प बसा."

"बाई, एप्रिल चालू आहे."

"त्यांना काय कळतंय!"

बैठकीत त्या तसंच बोलल्या. अध्यक्ष विचारात पडले, महिना देतील असं वाटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मोजमापाचे पक्के. खरं ना हे?"

मी 'हो' म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण सगळं खरं सांगून टाकलं, चौदाच्या आकड्यासकट.

पाच मिनिटांत निर्णय झाला. अकराही खिडक्या बदलायच्या. उरलेल्या आठ झडपा शाबूत होत्या, त्याही गेल्या. अध्यक्ष बाईंना एवढंच म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की, मी खरं बोललो म्हणजे सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडलं.

बाहेर जिन्यात मी त्यांची माफी मागितली.

"कशाची? रंधा मारलात त्याची, की आत्ताची?"

"दोन्हींची."

"पहिली कालच माफ केली," त्या म्हणाल्या. मी आधाराला हात पुढे केला. तो न घेता, कठडा धरून त्या एकेक पायरी उतरू लागल्या.