तळ्यातलं पापलेट

उत्तरानं एवढंच सांगितलं होतं, "समरच्या सुट्टीत बाबाकडे जायचंय असं रुही स्वतःहून म्हणाली, तर मी चँडलरहून पाठवीन. रडतभेकत नाही पाठवणार."

यात तिचं काही चुकलं असं गिरीशला म्हणता येईना. दोघं वेगळे राहायला लागून दीड वर्ष झालं. तेवढ्या काळात पाच वर्षांची रुही त्याच्याकडे दोनदा राहायला आली आणि दोन्ही वेळा आईला फोन लावून द्यावा लागला. बुधवारी मायलेकी ॲरिझोनातल्या चँडलरला कायमच्या राहायला निघणार होत्या. हातात होता एक शनिवार.

गिरीश मूळचा कराडचा, शाळामास्तरांचा मुलगा. बारा वर्षं अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात एका बँकेचा डेटाबेस सांभाळतोय. कुणावर आवाज चढवणार नाही, कुठंही पाच मिनिटं आधी पोचेल. पण पोटच्या पोरीशी खेळायचं कसं, हे काही त्याला उमगलं नाही. इथले बाप पोरांना गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेतात आणि पोरं वर्षभर तेच सांगत फिरतात, असं त्यानं ऑफिसात ऐकलं होतं. रुहीला एक मासा लागला की ती आपण होऊन पुन्हा येईन म्हणेल, असं त्यानं धरूनच ठेवलं.

आणि नाही लागला तर? म्हणून गुरुवारी तो इंडियन स्टोअरमध्ये गेला. काउंटरवरच्या दीपाकाकूंनी पाकीट उलटंसुलटं केलं. "अरे, तू? बाटलास की काय?"

"पाहुणे येणारेत, काकू."

जन्मात माशाला न शिवलेला माणूस. उत्तरा रत्नागिरीची. घरात मासळी असली की त्या दिवशी हा बाहेरूनच जेवून यायचा. फ्रीझरमधला दिसायला सगळ्यात देखणा, चपटा, चंदेरी मासा त्यानं उचलला होता.

शनिवारी तळ्यावर त्यानं एक लाकडी खोपटी भाड्यानं घेतली. आत छोटा हीटर, दोन खुर्च्या आणि मधोमध बर्फाला पाडलेलं भोक. भोकात काळं पाणी.

"इज देअर वॉटर अंडर अस?" रुहीनं पाय वर घेतले.

"हो, पण बर्फ चांगला फूटभर जाड आहे. वर ट्रकसुद्धा उभे करतात."

"डझ मम्मा नो?"

"माहितीये तिला."

त्यानं गळाला आमिष लावलं, दोरी सोडली, आखूड काठी तिच्या हातात दिली. दहा मिनिटांत तिनं ती खाली ठेवली. दीड तास गेला. शेजारच्या खोपटीतून दोनदा पोरांचा कल्ला ऐकू आला. शनिवारचा उपास धरलेला गिरीश मनातल्या मनात मारुतीरायाला विनवत होता, एक लागू दे, तळहाताएवढा का होईना. आपण देवाजवळ कुणाचा तरी जीव मागतोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"कॅन वी गो होम?" रुही म्हणाली. मग जरा थांबून, "नॉट युअर होम. माय होम."

गिरीश खुर्चीतून उठला. "आधी खिडकीतून बघ बरं, बाहेर कुत्रा आलाय का," असं म्हणून त्यानं तिची पाठ फिरवली. घाईघाईनं दोरी ओढली, पिशवीतला मासा गळाला अडकवला आणि भोकातून खाली सोडला.

"रुही, पळ पळ! काहीतरी ओढतंय बघ."

तिनं दोन्ही हातांनी काठीची चक्री फिरवली. मासा वर आला. हलला नाही, तडफडला नाही. बर्फावर आडवा पडून राहिला. रुही उकिडवी बसली. त्याच्या पोटावर सुरीनं चिरलेलं होतं, तिथं तिनं बोट लावलं.

"बाबा, धिस इज पापलेट. मम्मा फ्राइज इट. इट लिव्ह्ज इन द सी."

"असेल... इथंही असेल एखादं," गिरीश म्हणाला.

रुहीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग उभी राहिली आणि मोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. "येय, आय कॉट अ फिश." तिनं दोन घास जास्त खाल्ले की मोठी माणसं जशी वाजवायची ना, अगदी तशा. "बाबा, आर यू हॅपी?"

तो तिच्यासमोर खाली बसला. "ते मी दुकानातून आणलं होतं गं."

"आय नो," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

उत्तराच्या दारात खोक्यांची चळत लागली होती. "काय गं, मजा आली?"

"आय कॉट अ फिश."

उत्तरानं गिरीशकडे पाहिलं. तो बुटांवरचा बर्फ झटकत होता. बाई मनानं कोती नव्हती, तिनंच विचारलं, "मग? समरच्या सुट्टीत यायचंय का बाबाकडे?"

गेले आठ दिवस याच एका प्रश्नासाठी त्यानं देवाचा धावा केला होता. रुहीनं आईकडे पाहिलंच नाही. ती वळली आणि मघासारखी मान वर करून त्याचा चेहरा न्याहाळायला लागली. तिचे ओठ हलले.

"राहू दे, उत्तरा," तो म्हणाला. "आत्ता नको विचारूस."

"अरे, ती हो म्हणत होती."

"म्हणूनच."

त्यानं पायरीवर बसून रुहीचे बूट काढले, आधी एक, मग दुसरा. तोल जाऊ नये म्हणून तिनं त्याचं डोकं धरलं होतं. बूट निघाले तशी ती आत पळाली.

"फ्लाइट किती वाजता?"

"साडेसात. सकाळी."

"सोडायला येऊ?"

"कॅब सांगितलीये रे."

"बरं," गिरीश म्हणाला. ओले बूट भिंतीकडे तोंड करून नीट जोडीनं ठेवले आणि तो उठला.