आईची दाढ आणि गाडीचा जॅमर

आई फेब्रुवारीत आमच्याकडे आयर्लंडमधल्या ट्रलीला आली ती दीड महिन्यासाठी. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ती इथेच अडकली. नवरा इथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. २०२० च्या त्या दिवसांत तो घरी यायचा तो आंघोळ करून झोपायलाच. मी त्याच्या मागून आलेली, नोकरीच्या शोधात, आणि नुकतंच गाडीचं लायसन्स हातात पडलेलं. त्यामुळे ऑगस्टमध्ये आईची दाढ ठणकायला लागली आणि गाल सुजून टम्म झाला, तेव्हा तिला डॉक्टरकडे नेणं माझ्याच वाट्याला आलं.

दातांचा दवाखाना गावाबाहेरच्या एका छोट्या इमारतीत होता. खाली औषधांचं दुकान, वर दवाखाना, मागे पार्किंग. फोनवर रिसेप्शनिस्टनं बजावलं होतं, "वर येऊ नका हं. गाडीतच बसा, मी बोलावते." तसं आम्ही बसलो. काही वेळानं फोन आला. खरं तर फक्त पेशंटनं वर जायचं होतं, पण आईला इंग्रजी येत नाही म्हटल्यावर मलाही परवानगी मिळाली.

दाढ किडून पार गेली होती. ती काढली, टाके घातले. तोंडात कापसाचा बोळा धरलेल्या आईला हाताला धरून मी खाली आणलं, तर आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळाधमक जॅमर लावलेला. काचेवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं: गाडीची नोंदणी केलेली नाही.

कागदावर जॅमर लावणाऱ्या कंपनीचा नंबर होता, तिथे मी फोन केला. पैसे भरल्याशिवाय माणूस येणार नाही म्हणाले. आई शेजारी उभी, औषधाचा अंमल उतरत चाललेला, डोळ्यांत पाणी. मी कार्डाचा नंबर सांगितला. व्हॅनमधून आलेला माणूस सभ्य होता. जॅमर काढता काढता म्हणाला, "पाटीवर लिहिलंय बघा. पेशंटनी आपल्या गाडीचा नंबर आत मशीनवर टाकायचा. मी फक्त यादीत नंबर आहे का, तेवढं बघतो."

"पण आत मशीन नव्हतंच."

"ते मला माहीत नाही. तुम्ही अपील करा."

मी लगेच वर जाऊन विचारलं. प्लॅस्टिकच्या पडद्यामागून रिसेप्शनिस्ट हळहळली. "अगं बाई! कोविडमुळे ते मशीन काढलं आम्ही. सगळे बोटं लावतात ना स्क्रीनला. ते प्रेसमध्ये आहे."

मला वाटलं, छापखान्यात? मग तिनं मागच्या कपाटाकडे बोट दाखवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे मी त्या दिवशी शिकले. सॅनिटायझरच्या खोक्यांमागे वायर गुंडाळलेलं ते मशीन उभं होतं. मी त्याचा फोटो काढून घेतला.

"इतर पेशंटांचं काय होतं मग?"

"मी फोनवर नंबर विचारून कंपनीला कळवते. तुमचा राहिला वाटतं. आज इतकी गडबड आहे ना, लव्ह..." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. इथे अनोळखी माणसालाही आपुलकीनं 'लव्ह' म्हणतात.

घरी येऊन मी कंपनीकडे अपील केलं. घडलं ते सगळं लिहिलं, फोटो जोडला. उत्तर आलं ते नकाराचं. पाट्या नियमाप्रमाणे आहेत, गाडीची नोंद नव्हती, आणि मशीन बिघडल्याची कुठलीही तक्रार आलेली नाही.

तक्रार कशी येणार? मशीन बिघडलेलं नव्हतंच. ते कपाटात होतं.

नवऱ्यानं उभ्या उभ्या ते उत्तर वाचलं. "अगं, सोडून दे. पैसे गेले तर गेले. आपण बाहेरची माणसं, कशाला डोक्याला ताप?"

तो दमलेला होता, त्याच्यावर मी चिडले नाही. पण 'आपण बाहेरची माणसं' हे वाक्य मला लागलं. मी पाटी वाचून नियम मोडला असता, तर निमूट गप्प बसले असते. मी सांगितलं तसं वागले होते. गाडीत बसा म्हणाले, बसले. वर या म्हणाले, गेले. यात माझी चूक कुठे होती?

आईनं सगळं ऐकून घेतलं. ती सांगलीकडच्या एका गावातली. भाजीवाल्या बाईशी ती कधी घासाघीस करत नाही, पण चूक नसताना ऐकून घेणं तिला जमत नाही. खिमट भात मिटक्या मारत खात म्हणाली, "मग आता वरच्या सायबाला लिव की."

"वरचा साहेब कोण, आई?"

"असंल की कोन तरी. कागद नीट वाच."

मी नकाराचा ईमेल पुन्हा वाचला. अगदी खाली, बारीक अक्षरांत होतंच: या निर्णयावर समाधान नसेल तर सरकारनं नेमलेल्या स्वतंत्र अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येईल. नवऱ्यानं ते वाचलं नव्हतं. मीही नाही.

पण या वेळी नुसतं माझं म्हणणं पुरणार नव्हतं. फोटो मी जॅमर बसल्यानंतर काढलेला. त्याआधी मशीन कुठे होतं, हे दवाखान्यानंच लिहून द्यायला हवं होतं. मी रिसेप्शनिस्टला फोन केला.

"लेखी?" तिनं आवाज खाली आणला. "इमारतीचा मालक आहे ना, त्यानंच आणलीय ती कंपनी. आम्ही भाडेकरू. मी काही लिहून दिलं तर... तुम्ही पैसे भरलेतच ना? विसरून जा, लव्ह."

तिची अडचण मला कळत होती. तिला नोकरी टिकवायची होती. तरी फोन ठेवल्यावर माझा संताप संताप झाला. मी पोळ्या करायला घेतल्या आणि त्या सगळ्या कडक झाल्या.

पुढच्या आठवड्यात टाके बघायला जायचं होतं. या वेळी मी गाडीतून उतरायच्या आधीच गाडीचा नंबर फोनवर सांगितला, तिच्याकडून परत म्हणवून घेतला, मगच आईला घेऊन वर गेले. डॉक्टर बाई मास्क आणि वर प्लॅस्टिकचा मुखवटा लावून उभ्या होत्या, फक्त डोळे दिसत होते. त्यांनी टाके तपासले आणि मला म्हणाल्या, "आईंना विचारा, अजून काही त्रास आहे का?"

मी विचारलं. आई खुर्चीत आडवी, तोंड उघडं ठेवून दमलेली. तिनं तोंड मिटलं, उठून बसली, पदर सारखा केला आणि डॉक्टरांकडे बघत मराठीत म्हणाली, "दाढंचा तरास न्हाई. पन माझ्या लेकीच्या गाडीला कुलूप घातलं, त्याचा हाय. तुमचं मशीन कपाटात हुतं, एवढं लिवून द्या म्हनावं."

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेता आली असती. मग ठरवलं, दुभाष्याचं काम नीट करायचं. आई बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं.

डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "तुमच्या गाडीला जॅमर लावला? या अवस्थेत? चेहरा एवढा सुजलेला असताना?" त्यांनी दोन्ही हात गालापासून लांब धरून दाखवले. मग बाहेर जाऊन रिसेप्शनिस्टशी बोलल्या. दार उघडंच होतं.

"पण मालक..." रिसेप्शनिस्टचा आवाज आला.

"मालकाशी मी बोलेन. युअर मॅन माझं भाडं घेतो, माझे पेशंट नाही." 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो गृहस्थ'.

त्यांनी दवाखान्याच्या लेटरहेडवर स्वतः लिहून दिलं: साथीमुळे मशीन जूनपासून काढून ठेवलं आहे, पेशंटना गाडीत थांबायला आम्हीच सांगतो, आणि या पेशंटच्या गाडीचा नंबर कळवायचा आमच्याकडून राहिला. खाली सही. आईनं कागद हातात घेऊन सही आहे ना एवढं बघितलं आणि डॉक्टरांना नमस्कार केला. डॉक्टरांनीही हात जोडले.

दुसरं अपील मी दोन दुपारी बसून लिहिलं. पहिल्यात मी फार रडगाणं गायलं होतं: आईचं दुखणं, माझी धावपळ, अनोळखी देश. ते सगळं काढून टाकलं. पाटी सांगते ते करणं त्या दिवशी कोणालाही शक्य नव्हतं, आणि तरी पाटी तशीच ठेवली होती, एवढाच मुद्दा ठेवला. नवऱ्यानं रात्रपाळीला जाण्याआधी वाचून दोन ठिकाणचं इंग्रजी सुधारलं. "पाठव," म्हणाला. "बरोबर आहे तुझं."

मग नुसती वाट बघणं. ऑक्टोबरात खास विमानात जागा मिळाली आणि आई गेली. विमानतळावर मास्कमधून मला म्हणाली, "निकाल लागला की कळीव."

निकाल लागला जानेवारीत, सगळं पुन्हा बंद असताना. स्वयंपाकघरात उभी राहून मी ईमेल उघडला. नोंदणीची सोयच उपलब्ध नसताना नोंदणी नाही म्हणून लावलेला जॅमर योग्य ठरत नाही, अपील मान्य, कंपनीनं रक्कम परत करावी. मी तो दोनदा वाचला आणि मोठ्यांदा "येस्स!" ओरडले. रात्रपाळी करून झोपलेला नवरा दचकून बाहेर आला. त्याला वाटलं, मला नोकरी लागली.

दवाखान्यालाही कळवलं. रिसेप्शनिस्ट फोनवर जरा अवघडली, मग मनापासून म्हणाली, "फेअर प्ले टू यू," म्हणजे इथली शाबासकी. नंबर काउंटरवर सांगा, असा कागद आता दारावर लावलाय, हेही तिनं सांगितलं.

मग आईला व्हिडिओ कॉल लावला. ती अंगणात हळद वाळत घालत होती. मी भरभरून सगळं सांगितलं, निकालातली वाक्यं मराठीत करून ऐकवली. ती हळद पसरत ऐकत राहिली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "द्यायलाच पायजे हुतं की त्यांनी."

तिला यात नवल असं काही वाटलंच नव्हतं. मला मात्र पुढचे कितीतरी दिवस गाडी पार्क करताना, पाटी वाचताना, चावी फिरवताना ताठ बसल्यासारखं वाटत होतं.