दगडाची उलटी बाजू

दादाला जाऊन वर्ष उलटलं होतं. पितृपक्षात त्याच्या नावाचं ते पहिलंच पान. कावळ्यासाठीचं पान आमच्याकडे कंपाउंडच्या भिंतीवर ठेवतात. त्या दिवशी आई म्हणाली, “त्याच्या टेबलावर ठेवा.”

दादा बंगल्यांच्या अंगणांसाठी जेवणाची टेबलं घडवायचा. बाहेरचं सागवान उन्हापावसात राखाडी होऊ द्यावं, दगड खरखरीत ठेवावा, असं त्याचं मत. साताऱ्याला आमच्याच अंगणातलं टेबल मात्र आरशासारखं होतं. सांगलीच्या एका कुटुंबाने हट्टाने काळा ग्रॅनाइट चकचकीत करून घेतला आणि दुपारी डोळे दिपतात म्हणून टेबल परत पाठवलं. तेव्हापासून ते इथे होतं.

वहिनीने केळीच्या पानावर भात, वडे, खीर वाढली. आम्ही ओसरीवर थांबलो. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवणार नव्हतं.

एक कावळा उतरला. पानाकडे दोन पावलं चालला, थबकला, खालच्या दगडावर चोच मारली आणि उडाला. दुसऱ्यानेही तेच केलं. मग सगळे भिंतीवर बसून ओरडत राहिले.

कोरेगावहून आलेल्या काकांनी हात जोडले. “तुज्या पोरीचं शिक्षण आमी करू रं बाबा. काळजी करू नगंस.” थोडं थांबून म्हणाले, “आरं गड्या, जित्तेपनी बी जेवायला असाच उशीर करायचास. आता तरी ये.”

वहिनी हसली आणि तिला एकदम रडू आलं.

“त्याचं काहीतरी राहिलंय,” आई म्हणाली. “आठवा.”

मी टेबलाजवळ गेले. पानाच्या कडेला काळ्या दगडात आभाळ होतं, माझा चेहरा होता. कावळ्याला तिथे दुसरा कावळा दिसत असणार. हे मी सांगणार, तोच मागून वहिनी म्हणाली, “दगड उलटा करायचं म्हणत होते. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहूनच गेलं.”

मी माझं कारण सांगितलं नाही.

काकांनी शेजारच्या दोघांना हाक मारली. पान बाजूला ठेवून आम्ही दगड उचलला, कुशीवर घेतला, उलटा केला. मागची बाजू राखाडी, करवतीच्या ओरखड्यांची. कोपऱ्यांत रबराचे तुकडे चिकटवलेले होते. ते ओढून काढले, भोवतीचं वाळलेलं सिलिकॉन दगडालाच राहिलं. दादाने ते अंगठ्याने दाबून बसवलं होतं. चारही कोपऱ्यांत त्याच्या अंगठ्याच्या रेषा होत्या. वहिनीने एका खुणेवर आपला अंगठा ठेवला आणि लगेच मागे घेतला.

पान पुन्हा ठेवलं. आम्ही ओसरीपर्यंत पोचायच्या आत कावळा शिवला.

आई म्हणाली, “चला, पानं घ्या.”

दगड तसाच आहे. त्यावर आता पोरीच्या वह्या असतात, दुपारचा चहा होतो. चकचकीत बाजू जमिनीकडे तोंड करून आहे. कधी चमचा खाली पडतो. तो मी पायाने चाचपून ओढून घेते. टेबलाखाली वाकून वर त्या आरशात बघत नाही.