गोळीबरोबरचा चहा

बाई गेल्याचा निरोप धरमपेठेत शेजाऱ्यांच्या फोनवर आला, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून सायकल काढली... तांडापेठेत बाईच्या घरी पोचेपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजींचा हातमाग, आणि त्याला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरता भरता घर चालवणारी ही. पथ्याच्या बाबतीत मात्र तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. साधा ताप आला तरी दही, केळं, चहा, सगळं बंद. ‘औषध चमचाभर, पथ्य घागरभर’ असं मी तिला चिडवायचो. तिच्या पाठीच्या हाडात कॅन्सर निघाला आणि अफूपासून केलेल्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा कुणी न सांगताच तिनं चहा तोडला. दिवसभर चहावर जगणारी बाई ती! “जालीम औषध हाये गा. चहानं त्याचा असर उतरते,” असं तिचं ठाम मत. गोळी घेतली की गुंगायची, जोर ओसरला की कण्हायची. मधे जागेपण असं उरतच नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच तिची लेक मंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. लेकीचं सगळं आपल्या देखत व्हावं, सव्वा महिन्यानं आपल्या हातानं तिची ओटी भरावी, एवढंच बाईला हवं होतं. “मले झोपही नको अन् हे दुखणंही नको,” म्हणून ती रडायची.

मी डॉक्टरांना गाठलं. “चहा कुणी बंद केला?” ते चकितच झाले. “गोळीबरोबर कडक चहा द्या. गुंगी कमी होईल. काहींचं त्यानं दुखणंही जास्त दबतं. लागू पडतो का बघा.”

बाई ऐकेना. डॉक्टरला पथ्यातलं काय कळते, म्हणाली. शेवटी भाऊजी बशी घेऊन खाटेवर बसले. “मंदासाठी घे वं.” तेव्हा कुठे तिनं बशी तोंडाला लावली... थोड्या वेळानं ती भिंतीला टेकून बसली होती. दुखणं गेलं नव्हतं, पण “दूर गेल्यावानी वाटते” म्हणाली. मंदाला मुलगी झाली. मग रोज बाळाच्या आंघोळीआधी गोळी आणि चहा, आणि खाटेवरून हुकूम, “पाणी कढत हाये वं, कोपर बुडवून पाह्य!” मंदाचं पथ्यही तिनं कडक चालवलं. तिला चहाचा घोट मिळाला नाही तो नाहीच.

सव्वा महिना झाला. बाईनं ओटी भरली. तांदूळ सांडले, पण कुणाला हात लावू दिला नाही. मंदाला आणि बाळाला सासरी नेणारी रिक्षा वळणाआड जाईपर्यंत ती खिडकीत बसून होती.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी नेहमीसारखा चहा नेला. तिनं गोळी घेतली, बशी सारली. “आज चहा नको. आता झोपू द्या मले.” त्यानंतर तिनं चहा घेतलाच नाही. झोपेतच गेली.

परवा भाऊजींकडे गेलो होतो. उन्हानं जीव कासावीस झालेला, म्हणून सहज म्हणालो, “भाऊजी, चहा नको आज.” ते मागावरून उठले. माझ्याजवळ येऊन बसले, माझा हात हातात घेतला.

“काहून गा? कुठं दुखून राह्यलं?”